लालाजींची पायवाट : अकोल्यातील नगरसेवकपद आणि विधानसभा

भाजपचे गोवर्धन मांगीलाल शर्मा १९९५ पासून २०२३ पर्यंत सलग सहा वेळा अकोला शहरातून विधानसभेवर निवडून आले. अकोल्यात त्यांना कोणी शर्मासाहेब म्हणत नसे. जुन्या शहरातल्या गल्लीपासून जठारपेठ, रामदासपेठ, रतनलाल प्लॉटपर्यंत त्यांची ओळख ‘लालाजी’ अशीच होती. शिवसेना-भाजप युती सरकारात ते राज्यमंत्री झाले, पण मंत्रिपदावरून त्यांची आठवण काढणारा माणूस शहरात विरळाच. विधानसभेत जाण्याआधी ते अकोला नगरपालिकेत नगरसेवक होते. तिथे अंगवळणी पडलेली कामाची तऱ्हा त्यांनी आमदार झाल्यावरही सोडली नाही. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात मुंबईच्या विधानभवनापासून न करता नगरपालिकेपासून करावी लागते.

अकोल्याची नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला, तेही त्याच साली. कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागल्या. मोर्णा नदीच्या एका काठावर किल्ल्याभोवती वसलेले जुने शहर, तर दुसऱ्या काठावर ताजनापेठ, साहेबांचे बंगले, कचेऱ्या आणि स्टेशन, अशी शहराची दोन अंगे झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते, दलाल आणि वकील यांच्या वस्त्या नव्या बाजूला वाढल्या. जठारपेठ ही त्या बाजूची पेठ. नोकरदार आणि वकील-डॉक्टरांच्या वस्तीसाठी ती ओळखली जाऊ लागली आणि ती ओळख बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. शहराचे हे दोन भाग महापालिकेच्या राजकारणात आजही वेगवेगळे मोजले जातात.

वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर वऱ्हाडसाठी १८८५ मध्ये ग्रामीण बोर्डांचा आणि १८८६ मध्ये नगरपालिकांचा वेगळा कायदा करण्यात आला. या संस्थांना अधिकार जेमतेम होते, पण वकीलवर्गाला सार्वजनिक जीवनाची पहिली तालीम तेथेच मिळाली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे ठळक उदाहरण. नगरपालिका, जिल्हा बोर्ड आणि काँग्रेस या तिन्ही ठिकाणी त्यांचा वावर होता. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. टिळकांच्या बाजूने प्रिव्ही कौन्सिलात खटपट करण्यासाठी ते १९०८ ते १९१० या काळात इंग्लंडमध्ये राहिले. वऱ्हाडात नगरपालिकेचे काम आणि देशाचे राजकारण यांच्यात तेव्हा आजच्याइतके अंतर नव्हते.

देशातही तेच चित्र होते. १९२३-२४ च्या सुमारास वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या, जवाहरलाल नेहरू अलाहाबादच्या आणि राजेंद्रप्रसाद पाटण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, तर सुभाषचंद्र बोस कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. त्याच्याही आधी, १८७६ ते १८८२ या काळात, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर एक हजार रुपये उधळायला एकट्याने विरोध करणारे सभासद म्हणून त्यांचे नाव तेथे राहिले. स्वातंत्र्यानंतर नगरपालिकेची ही प्रतिष्ठा ओसरली. हुशार माणूस थेट विधानसभा-लोकसभेकडे पाहू लागला आणि नगरसेवकपद हे धाकट्या कार्यकर्त्याचे ठिकाण मानले गेले. महाराष्ट्रात मात्र ही पायरी पूर्ण मोडली नाही. मनोहर जोशी १९६८ मध्ये मुंबईचे नगरसेवक आणि पुढे महापौर झाले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर झाले. एकनाथ शिंदे ठाण्यात १९९७ मध्ये नगरसेवक होते. तिघेही मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. लालाजी १९९५ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले, तेव्हाचे मुख्यमंत्री हे असे माजी महापौर जोशीच होते.

अकोला शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९२२ च्या कायद्याखाली होते. नंतर महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद कायदा आला. राज्यातल्या नगरपालिकांच्या निवडणुका १९७४ नंतर थेट १९८५ मध्ये झाल्या. मधली वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. एवढा खंड पडल्यावर १९८५ मध्ये जी माणसे निवडून आली, त्यांची पिढीच वेगळी होती. काँग्रेसचा पाया तोवर जिल्हा परिषद, सहकार आणि शेतकी संस्थांत होता. भाजपला वऱ्हाडच्या शहरांत शिरायला जागा होती ती व्यापारी पेठांत आणि नोकरदारांच्या वसाहतींत. संघाच्या शाखा, गणेशोत्सव मंडळे आणि देवस्थानांचे उत्सव ही त्या शिरकावाची दारे होती. राजस्थानातून येऊन अकोल्यात मुरलेल्या समाजातले, वऱ्हाडी बोलीत सहज रमणारे शर्मा या ठिकाणी नेमके बसले.

नगरसेवकाचे काम कागदावर फार थोडे असते. सभेत प्रश्न विचारणे, ठराव मांडणे, अंदाजपत्रकावर बोलणे, समितीत बसणे, एवढेच. प्रत्यक्षात त्याचा दिवस सकाळी साडेसहाला दारात उभ्या असलेल्या माणसांनी सुरू होतो. कोणाची नाली तुंबलेली असते, कोणाच्या खांबावरचा दिवा गेलेला, कोणाला शाळेतल्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा, कोणाच्या घरी म्हातारे माणूस गेले म्हणून स्मशानभूमीत लाकडे सांगायची असतात. अकोल्यात त्यात पाण्याची भर. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते. नळ रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांच्या अंतराने येतो आणि उन्हाळ्यात हे अंतर वाढते. बोअरवेल, हातपंप आणि टँकर यांच्या याद्या नगरसेवकाच्या खिशात असतात. ज्याच्या शब्दावर टँकर येतो, त्याचे नाव पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहते. नझूलच्या जमिनीवरील घरे, मंजुरी नसलेले लेआऊट, शिकस्त इमारती ही आणखी काही कायमची प्रकरणे. मार्ग काढण्याचा अधिकार नगरसेवकाला नसतो, पण अधिकाऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवणे त्याच्या हाती असते.

लालाजींनी हे पोहोचवणे आमदारकीतही चालू ठेवले. भाषणांचा फड मारणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. लग्न, मयत, सप्ताह, दवाखाना या ठिकाणांची हजेरी हेच त्यांचे भांडवल. ही हजेरी सोपी वाटते, पण अठ्ठावीस वर्षे ती सांभाळणे ही शरीराची आणि स्मरणाची कसोटी असते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ग्रामदैवत राजराजेश्वराला पूर्णा नदीच्या पाण्याने अभिषेक होतो. गांधीग्रामहून रात्रभर पायी कावडी येतात आणि शेकडो मंडळांचे तरुण खांद्यावर भरण्या व पालख्या घेऊन शहरात शिरतात. अकोल्यात राजकारण करणाऱ्याला या रात्री रस्त्यावर असावेच लागते. नवी मंडळे कुठली, कोणाची पालखी मोठी झाली, कोणाच्या मागे किती पोरे आहेत, याचा हिशेब तिथे जितका स्पष्ट कळतो तितका पक्षाच्या बैठकीत कळत नाही. शहरातले कितीतरी नगरसेवक आधी मंडळाचे अध्यक्ष होते आणि मग उमेदवार झाले.

लालाजींचा अकोला पश्चिम हा मतदारसंघ पूर्ण शहरी आहे. म्हणजे महापालिकेचा मतदार आणि आमदाराचा मतदार बहुतांशी एकच. ग्रामीण मतदारसंघातल्या आमदाराला जिल्हा परिषद, सोसायट्या, बाजार समिती यांची साखळी जपावी लागते. शहराच्या आमदाराला नगरसेवकांची. प्रत्येक प्रभागात आपला माणूस असणे आणि तो आपल्याहून मोठा होऊ न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. लालाजींच्या हयातीत भाजपच्या कोणा नगरसेवकाला किंवा महापौराला ही जागा मिळाली नाही. त्यांच्या यशाची ही दुसरी बाजू आहे. पक्षातली एक अख्खी पिढी महापालिकेच्या दारातच थांबून राहिली.

ग्रामीण अकोल्यात याच काळात वेगळा खेळ चालू होता. प्रकाश आंबेडकरांच्या भारिप-बहुजन महासंघाने बौद्ध, माळी, धनगर, मुस्लिम आणि इतर लहान समाजांची मोट बांधून जिल्हा परिषद वर्षानुवर्षे राखली. राज्यभर त्याला ‘अकोला पॅटर्न’ म्हटले गेले. शहरात हा पॅटर्न पूर्ण चालला नाही, पण महापालिकेत कोणालाही गृहीत धरू न देण्याइतके त्याचे बळ होते.

१ ऑक्टोबर २००१ रोजी अकोला नगरपालिकेची महापालिका झाली. नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त. बदल नावापुरता वाटेल, पण सत्तेची मांडणी पालटली. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर सभेचा अध्यक्ष आणि शहराचा प्रथम नागरिक. त्याच्या सहीने एक पाइपही बदलत नाही. खर्चाच्या मंजुरीची खरी चावी सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे असते आणि त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात. म्हणून महापौरपदापेक्षा स्थायीचे सभापतिपद मिळावे यासाठी जास्त धडपड होते, आणि आतल्या वर्तुळात त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

अकोल्याच्या महापालिकेची झोळी पहिल्यापासून फाटकी राहिली. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही बंद झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. शहराच्या हातात स्वतःचे म्हणण्यासारखे उत्पन्न उरले ते मालमत्ता कराचे. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, त्यासाठीचे संप, कचऱ्याचे ढीग हे अकोलेकरांच्या परिचयाचे चक्र आहे. आस्थापनेवरील सफाई कामगार जिथे नेमलेले नाहीत त्या भागांना इथे ‘पडीक प्रभाग’ म्हणतात. तिथे खासगी मजूर लावायचे आणि त्यांच्या हजेरीवर वाद घालायचा, हाही सभेतला ठरलेला विषय. अशा संस्थेत निवडून आलेल्या माणसाने विकास काय करावा, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुधा राज्य आणि केंद्राच्या योजनांकडे बोट दाखवते. अमृत योजनेतली पाणीपुरवठा आणि भूमिगत गटाराची कामे, शिलोडा येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्र ही मोठी कामे त्या निधीतली. योजनेचे श्रेय कोणाचे, यावर मात्र नगरसेवक, आमदार आणि खासदार असे तिघे हक्क सांगतात.

स्त्रियांच्या प्रवेशाने सभागृहाचा चेहरा बदलला. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०१२ मध्ये कोणालाच बहुमत नसलेल्या सभागृहात भारिप-बहुजन महासंघाच्या ज्योत्स्ना गवई महापौर झाल्या. २०१४ मध्ये भाजपच्या उज्ज्वला देशमुख यांनी ते पद घेतले. महापौरपदाचे आरक्षण सोडतीने फिरते आणि कार्यकाळ अडीच वर्षांचा. त्यामुळे कोणाही एका महापौराला शहरावर स्वतःची छाप उमटवायला वेळ मिळत नाही. नगरसेविकांच्या बाबतीत पतीच कारभार पाहतो, ही तक्रार जुनी आणि पुष्कळदा खरी आहे. पण दोन-तीन मुदती निवडून आलेल्या बायका सभेत अधिकाऱ्यांना फाइलीच्या क्रमांकासकट कसे अडवतात, हे पाहिले की ती तक्रार सरसकट लावता येत नाही.

निवडून येणे जसे अवघड, तसे टिकून राहणेही. राखीव जागेवर आलेल्या सदस्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर पद जाते. दोनपेक्षा जास्त अपत्ये, बेकायदा बांधकामाशी संबंध, महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध, थकलेला कर हीही अपात्रतेची कारणे. पराभूत उमेदवार निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून या कागदांच्या मागे लागतो. शिवाय आरक्षण दर वेळी फिरते. ज्या प्रभागात पाच वर्षे नाल्या बांधल्या, तो पुढच्या वेळी महिलांसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव निघाला की शेजारच्या प्रभागात पाहुणा म्हणून उभे राहायचे, घरातल्या बाईला उभे करायचे, नाहीतर थांबायचे.

२०१६ मध्ये शहराची हद्द वाढली. मलकापूर, उमरी, गुडधी, खडकी, शिवणी, शिवर, खरप अशी भोवतालची चोवीस गावे महापालिकेत आली. जठारपेठेतून उमरीकडे जाणाऱ्या माणसाला हद्द कुठे संपते हे आधीही कळत नसे, इतकी घरे एकमेकांना लागली होती. पण कागदावर पलीकडे ग्रामपंचायत होती. तिचा कर कमी होता आणि सरपंच घरापासून चार पावलांवर होता. हद्दवाढीने तिथले सरपंच आणि पंचायत सदस्य एका रात्रीत माजी झाले. रस्ते, पाणी, दिवे मात्र आलेल्या कराच्या मागून, सावकाश आले.

वाढलेल्या हद्दीत फेब्रुवारी २०१७ ची निवडणूक झाली. ऐंशी जागा, वीस प्रभाग, प्रत्येक प्रभागातून चार सदस्य. भाजपने ४८ जागा जिंकून स्वबळावर सत्ता मिळवली. काँग्रेसला १३, शिवसेनेला ८, राष्ट्रवादीला ५, भारिप-बहुजन महासंघाला ३ आणि एमआयएमला १ जागा मिळाली. चार सदस्यांच्या प्रभागाने नगरसेवकाच्या कामाची वीण सैल केली. पूर्वी एका वॉर्डाला एक माणूस होता आणि नाली तुंबली की कोणाला बोलायचे हे ठाऊक होते. आता पंचवीस हजारांहून अधिक वस्तीच्या प्रभागाला चार धनी आले. काम झाले की चौघांच्या नावांचा फलक लागतो, रखडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मोठ्या पक्षांना ही पद्धत सोयीची, कारण चिन्हावर चौकडी निवडून येते. स्वतःच्या बळावर लढणाऱ्या अपक्षाला ती महाग पडते.

मार्च २०१७ मध्ये भाजपचे विजय अग्रवाल महापौर झाले. बहुमत असल्याने त्यांना कोणाची मनधरणी करावी लागली नाही. पण त्यांच्या कारकिर्दीवर सावली पडली ती करवाढीची. महापालिकेने मालमत्तांचे नव्याने मोजमाप करून कर आकारणी बदलली आणि अनेक घरांची देयके कित्येक पटींनी वाढली. महापालिकेची बाजू अशी होती की वर्षानुवर्षे आकारणीच झालेली नाही, हजारो मालमत्ता नोंदीत नाहीत आणि केंद्राच्या योजनांसाठी स्वतःचा हिस्सा भरायला पैसा लागतो. ही बाजू निराधार नव्हती. विरोधकांचा आक्षेप वाढीच्या प्रमाणाइतकाच ती करण्याच्या पद्धतीवर होता. सभागृहात ४८ विरुद्ध उरलेले असा हिशेब असल्याने मतदानाने काही होण्यासारखे नव्हते. तेव्हा काँग्रेसचे नगरसेवक डॉ. झिशान हुसेन यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती करवाढ रद्द ठरवली. एका नगरसेवकाच्या याचिकेने संपूर्ण शहराच्या कराचा प्रश्न सभागृहाबाहेर नेला. ऐंशी जणांच्या सभेत जे झाले नाही ते न्यायालयात झाले, आणि त्याने त्या सभेची मर्यादाही उघड केली.

याच काळात मोर्णा नदीची स्वच्छता मोहीम गाजली. जानेवारी २०१८ मध्ये जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने हजारो अकोलेकर जलकुंभी काढायला नदीत उतरले आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. शहराच्या सांडपाण्याने भरलेली नदी साफ करण्याचे काम मुळात महापालिकेचे. ते जिल्हाधिकाऱ्याने हाती घेतले आणि लोक धावले, ही बाब नगरसेवकांना टोचण्यासारखी होती. सांडपाणी येतच राहिले तशी जलकुंभीही पुन्हा वाढली.

२०१७ च्या सभागृहात विरोधी बाकांवर काँग्रेसचे साजिद खान पठाण होते. त्यांनी विरोधी पक्षनेतेपद सांभाळले आणि जुन्या शहरासह मुस्लिमबहुल प्रभागांतला काँग्रेसचा पाया त्यांच्याभोवती एकवटला. २०१४ च्या विधानसभेत सगळे पक्ष स्वतंत्र लढले होते आणि शर्मा सुमारे चाळीस हजारांच्या फरकाने जिंकले होते. २०१९ मध्ये पठाण समोर आले आणि तो फरक २,५९३ मतांवर आला. सहाव्यांदा निवडून आलेल्या लालाजींना शहर कुठल्या बाजूला सरकते आहे हे त्या आकड्याने सांगितले. विरोधी मतांची विभागणी थांबली की ही जागा कोणाचीही होऊ शकते, हेही त्याने स्पष्ट केले.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, प्रभागरचना सरकार बदलेल तशी बदलत होती आणि राज्यातल्या इतर महापालिकांप्रमाणे अकोल्यातही आयुक्तच प्रशासक झाले. ऐंशी नगरसेवक ‘माजी’ झाले. त्यांच्या दारात येणारी माणसे मात्र कमी झाली नाहीत. अधिकार नाही, निधी नाही, सभा नाही. तरी नळ आला नाही की फोन त्यालाच. अनेकांनी स्वतःच्या खिशातून टँकर पाठवले, कारण निवडणूक कधी लागेल याचा नेम नव्हता.

दीर्घ आजारानंतर ३ नोव्हेंबर २०२३ रोजी गोवर्धन शर्मा यांचे वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले. शहराला नगरसेवक नव्हतेच, आता पश्चिमेला आमदारही उरला नाही. निवडणूक आयोगाने मार्च २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच पोटनिवडणूक जाहीर केली. मतदान २६ एप्रिलला व्हायचे होते. मात्र निवडून येणाऱ्याला वर्षभराचाही कार्यकाळ मिळणार नाही, या मुद्द्यावर नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ मध्ये ही एका वर्षाची अट आहे. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सरळ होता. परिणाम असा की, वर्षभर शहराच्या या भागाला ना नगरसेवक, ना आमदार. दाद मागायची ती प्रशासकाकडे आणि मंत्रालयाकडे.

नोव्हेंबर २०२४ ची अकोला पश्चिमची लढत पाहिली की महापालिकेचे जुने सभागृहच पुन्हा भरल्यासारखे वाटते. भाजपचे उमेदवार माजी महापौर विजय अग्रवाल. पक्षाचे महानगराध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. काँग्रेसचे साजिद खान पठाण, माजी विरोधी पक्षनेते. भाजपचेच माजी नगरसेवक हरीश आलिमचंदानी बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले. वंचित बहुजन आघाडीने उमेदवारी दिलेले डॉ. झिशान हुसेन, करवाढीविरुद्ध न्यायालयात गेलेले तेच नगरसेवक, यांनी अर्ज मागे घेतला आणि आघाडीने आलिमचंदानींना पाठिंबा दिला. शिवसेनेचे माजी नगरसेवक राजेश मिश्रा हेही मैदानात होते. राज्यात महायुतीची लाट आली, भाजपने विक्रमी जागा जिंकल्या आणि अकोला पश्चिम मात्र त्याच वेळी तीन दशकांनंतर हातातून गेले. पठाण १,२८३ मतांनी विजयी झाले. आलिमचंदानींनी घेतलेली मते एकवीस हजारांच्या पुढे होती.

या निकालाचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा धर्माच्या मतविभागणीने दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. २०१९ मध्येही मतांची तशीच विभागणी होती आणि तरी लालाजी तरले. फरक पडला तो भाजपच्या बाजूच्या फुटीमुळे, आणि ती फूट उमेदवारीसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या नगरसेवकांतून आली. एकाच माणसाकडे तीन दशके जागा राहिली, तिचा वारस पक्षाने वेळेत ठरवला नाही आणि ती रिकामी झाली तेव्हा दावेदार अनेक निघाले. पठाण यांच्या बाजूला असे दावेदार नव्हते. पाच वर्षे सभागृहात आणि पुढची दोन-तीन वर्षे सभागृहाविना त्यांनी एकच मतदारसंघ धरून ठेवला.

महापालिकेतून विधानसभेत जाण्याची ही शिडी उलटी चढल्याचे उदाहरण अमरावतीत आहे. महापालिका तिथे १९८३ मध्ये झाली, पण लोकनियुक्त सभागृह यायला नव्वदचे दशक उजाडले. पहिले महापौर झाले डॉ. देवीसिंह शेखावत. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक व प्राचार्य होते आणि १९८५ ते १९९० या काळात आमदार होते. आधी आमदारकी, मग महापौरपद. १९९५ मध्ये ते पुन्हा विधानसभेला उभे राहिले आणि हरले. त्याच निवडणुकीत शेजारच्या अकोल्यात माजी नगरसेवक शर्मा पहिल्यांदा जिंकले. शेखावत पुढे देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचे पती म्हणून राष्ट्रपती भवनात राहिले. त्यांची महापौरकी लोकांच्या फारशी लक्षात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अकोल्यासह राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ही मतदानाची तारीख ठरली. जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर अकोल्यात पुन्हा वीस प्रभागांतल्या ऐंशी जागांसाठी उमेदवार उभे राहिले. आरक्षणाची सोडत नव्याने निघाल्याने २०१७ च्या अनेक सदस्यांना जुना प्रभाग सोडावा लागला. प्रचारात पत्रकांवरची आश्वासने जुनीच होती : नळाचे अंतर कमी करू, कर कमी करू, हद्दवाढीतल्या गावांना रस्ते देऊ, मोर्णा स्वच्छ करू. यांतल्या एकाही गोष्टीचा अंतिम निर्णय नगरसेवकाच्या हाती नाही. कराचा दर सभा ठरवते, पण वसुली आणि आकारणी आयुक्ताकडे असते. पाण्याचे अंतर धरणातल्या साठ्यावर आणि जलवाहिन्यांच्या गळतीवर ठरते, तर रस्ते शासनाच्या अनुदानावर.